जुन्या जपानी धूपडब्या जमवायच्या तर

जपानी पोर्सलीनची, म्हणजे पांढऱ्या चिनीमातीची, धूपडबी हातात आली की नवखा माणूस आधी ती उलटी करून बुडावरची मोहर शोधतो. यात दोन धोके आहेत. पहिला म्हणजे झाकण सुटून पडतं. दुसरा जास्त महागात जातो: मोहर वाचली की नजर तिथेच अडकते आणि डबी पाहायची राहून जाते. म्हणून या छंदात शिरायचं असेल तर पाहण्याचा क्रम आधी ठरवून घ्या. आधी झाकणाचा जोड, मग आतली बाजू, मग बूड, मग लाकडी पेटी आणि सगळ्यात शेवटी मोहर. पुढचं सगळं याच क्रमाभोवती फिरतं.

डबी कशासाठी होती ते आधी समजून घ्या

या डबीला जपानीत ‘कोगो’ म्हणतात. साधारण चार ते आठ सेंटिमीटर, आपल्या कुंकवाच्या करंड्याएवढी. चहासमारंभात यजमान पाहुण्यांसमोर निखारे रचतो आणि त्यावर धूप घालतो. तो धूप या डबीतून येतो. मग मुख्य पाहुणा डबी जवळून पाहण्याची परवानगी मागतो, डबी हातोहात फिरते, ती कुणी घडवली, धूप कोणता, अशी विचारपूस होते. वेळ कमी असेल आणि निखारे रचायचा भाग गाळला असेल, तर डबी घडी घातलेल्या कागदावर ठेवून दर्शनी कोनाड्यात मांडतात. थोडक्यात, ही वस्तू हातात घेऊन निरखण्यासाठीच घडवलेली आहे. आत माल किती मावतो याला काही महत्त्व नाही. घरचे विचारणारच, ‘यात ठेवायचं काय?’ काही नाही, असं सांगून मोकळं व्हा.

कोणती डबी कधी वापरायची याचे नियम आहेत आणि ते संग्राहकाच्या कामाचे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चूल वापरतात. तेव्हा मध वगैरे घालून मळलेला ओलसर धूप असतो आणि त्यासाठी मातीची किंवा पोर्सलीनची डबी. मे ते ऑक्टोबर सुटी शेगडी. तेव्हा सुगंधी लाकडाचे तुकडे आणि त्यांच्यासाठी लाकडी किंवा लाखकाम केलेली डबी. या तुकड्यांत चंदन असतं आणि जपानी धूपवाले आजही म्हैसूरकडच्या चंदनाला वरचा मान देतात. म्हणजे पोर्सलीनची डबी ही मुख्यतः थंडीतली वस्तू. तिच्यावर बदकं, आलुबुखाराच्या जातीतल्या ‘उमे’ झाडाची फुलं, नववर्षाची खेळणी, थंडीने पिसं फुगवून बसलेल्या चिमण्या इतक्या का दिसतात, ते यातून कळतं. ओलसर धूप थेट डबीत न ठेवता कॅमेलियाच्या पानावर ठेवायची पद्धत आहे. तरी जुन्या, वापरलेल्या डबीत आतून पुसटसा तपकिरी डाग किंवा वास राहिलेला असतो. तो दोष समजू नका.

पैसे खर्च करण्याआधी डोळा तयार करा

या छंदाला एक गमतीशीर जुना नकाशा आहे. १८५५ साली जपानमध्ये सुमो पैलवानांच्या क्रमवारीसारखी धूपडब्यांची क्रमवारी छापली गेली. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, त्यांत पायऱ्या, पंचसुद्धा; एकूण २१५ डब्या. पूर्वेकडे सर्वोच्च ‘ओझेकी’ पदावर मोठ्या कासवाची डबी, पश्चिमेकडे वाटेवरच्या छोट्या बौद्ध मंदिराच्या आकाराची निळी-पांढरी डबी. ही यादी साच्यातून काढलेल्या डब्यांची आहे आणि बाजारात आजही तिच्यातल्या स्थानाचा उल्लेख करून भाव सांगतात.

पण या यादीत नवख्याला चकवणारी एक गोष्ट आहे. तिच्यातल्या अनेक मानाच्या डब्या जपानी नाहीतच. निळ्या-पांढऱ्या जुन्या डब्या चीनमधल्या जिंगदेझेनला, सतराव्या शतकात, जपानी चहावाल्यांच्या मागणीनुसार घडल्या. हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या झिलईच्या ज्या डब्यांना जपानी लोक ‘कोची’ म्हणतात (ते कासव त्यांतलंच), त्या फुजियान प्रांतातल्या भट्ट्यांमधल्या. पुढे जपानी कुंभारांनी, विशेषतः क्योतोच्या, याच आकारांच्या आवृत्त्या केल्या. त्यामुळे ‘जपानी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीबद्दल पहिला प्रश्न हाच: मूळ चिनी, जपानी आवृत्ती, की आजची नक्कल? तिन्हींचे भाव एकमेकांच्या जवळपासही नसतात.

चित्रं आणि नोंदी भरपूर पाहायच्या असतील तर कॅनडातल्या माँट्रियल ललित कला संग्रहालयाकडे जा. फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो यांनी सुमारे ३,५०० धूपडब्या जमवल्या होत्या. त्या १९३८ मध्ये कॅनडातल्या एका उद्योगपतीने विकत घेतल्या आणि १९६० मध्ये या संग्रहालयाला मिळाल्या. साध्या, विनोदी, ओबडधोबड, सगळ्या तऱ्हेच्या डब्या त्यात असल्यामुळे नवख्यासाठी हा संग्रह फार चांगला. फक्त उत्कृष्ट वस्तू पाहून डोळा तयार होत नाही.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू आहेत. तिथे डब्या शोधायला जाऊ नका. निळा रंग किती तऱ्हांचा असतो आणि झिलईखालचा पांढरा किती छटांचा असतो, ते पाहायला जा. हैदराबादच्या सालारजंगमध्येही जपानी दालन आहे.

एकच धागा धरा

‘दिसेल ती छान डबी’ घेत गेलात तर वर्षभरात कपाट भरेल आणि कळणार काहीच नाही. सुरुवातीला एकच भट्टी किंवा एकच विषय धरा.

क्यूशू बेटावरच्या आरिता गावात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, परंपरेप्रमाणे १६१६ मध्ये, जपानी पोर्सलीनची सुरुवात झाली. माल जवळच्या इमारी बंदरातून बाहेर पडायचा म्हणून त्याला इमारी हे नाव चिकटलं. निळं-पांढरं, आणि लाल-सोनेरी वेलबुट्टीचं काम इथलं. शेजारच्या मिकावाचीचं, म्हणजे हिरादो नावाने ओळखलं जाणारं पोर्सलीन दुधासारखं पांढरं आणि बारीक घडणीचं. त्यातले प्राणी-पक्षी पाहण्यासारखे असतात. कुतानीचं एकोणिसाव्या शतकातलं काम गडद हिरव्या, पिवळ्या, जांभळ्या, लाल रंगांचं.

क्योतोची गोष्ट वेगळी. तिथे पोर्सलीन उशिरा आलं. ओकुदा एइसेन (१७५३–१८११) यांना त्याचं श्रेय देतात. त्यांच्यानंतर आओकी मोकुबेई, निन्नामी दोहाची, एइराकु होझेन ही मोठी नावं. पण क्योतोच्या बहुतेक धूपडब्या पोर्सलीनच्या नाहीत, त्या मातीच्या आहेत. निन्सेई आणि केन्झान या क्योतोच्या जुन्या कुंभारांच्या परंपरेतलं काम जवळजवळ सगळं मातीचं. कोचीच्या डब्याही काटेकोर अर्थाने पोर्सलीन नव्हेत. फरक ओळखायला झिलई नसलेला भाग पाहा: पोर्सलीनचं अंग पांढरं, घट्ट आणि गुळगुळीत दिसतं, मातीचं अंग पिवळसर किंवा राखाडी आणि किंचित खरबरीत. पातळ कड उजेडासमोर धरली तर पोर्सलीनमधून उजेड झिरपतो. पोर्सलीनच हवं असा हट्ट मात्र धरू नका.

माझ्या मते नवख्यासाठी सगळ्यात शहाणपणाचा धागा म्हणजे राशिचक्रातल्या बारा प्राण्यांच्या डब्या. दर वर्षी त्या वर्षाच्या प्राण्याची डबी करायची रीत आहे, त्यामुळे विसाव्या शतकातला माल मुबलक आणि काही हजार येनांत मिळणारा. जाणकार नाकं मुरडतील, मुरडू देत. ससा किंवा वाघ धरून दहा-बारा डब्या शेजारी ठेवल्या की साचा, घडण आणि रंगकाम यांतला फरक आपोआप दिसायला लागतो; आणि हाताळताना एखादी फुटली तर जीव जात नाही. मग एकोणिसाव्या शतकाकडे वळा.

हातात घेऊन पाहणं

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. टेबलावर जाड मऊ कापड पसरा आणि कोपरं टेबलाला टेकवून, डबी कापडापासून चार बोटांपेक्षा वर न उचलता पाहा. झाकण आणि बूड एकत्र कधीच उलटं करू नका. झाकण काढून बाजूला ठेवा आणि मग बूड फिरवा.

पहिलं काम झाकणाचं. पोर्सलीन भट्टीत सुमारे १० ते १५ टक्के आकसतं, आणि आकसताना थोडं वाकडंही होतं. म्हणून झाकण आणि बूड सहसा जोडीनेच भाजतात; वाकली तर दोन्ही मिळून वाकतात. दुसऱ्या डबीचं झाकण अशा जोडावर बसवलं तर कुठेतरी ते डुगडुगतं, कुठेतरी कड बाहेर येते. झाकण हळूच फिरवून पाहा. बहुतेक आकारी डब्यांमध्ये ते एकाच दिशेने नीट बसतं आणि तिथेच नक्षीची रेघ वरून खाली अखंड जाते. बदकाचं पंख झाकणावर सुरू होऊन बुडावर भलत्याच ठिकाणी उतरत असेल, किंवा वरचा निळा राखाडी आणि खालचा जांभळट असेल, तर दोन डब्यांचं लग्न लावलेलं आहे. असा माल बाजारात बराच असतो, आणि विक्रेत्याला ते दर वेळी ठाऊक असतंच असं नाही. जोडाच्या कडांवर सहसा झिलई नसते, कारण भट्टीत त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पुसून काढतात. तिथलं उघडं अंग वर्षानुवर्षांच्या उघडझापीने गुळगुळीत झालेलं असेल तर उत्तम. ते खडूसारखं कोरं आणि बाकी डबी मात्र ‘जुनाट’ दिसत असेल, तर शंका घ्या.

मग आत पाहा. जुन्या साच्याच्या डब्यांत माती साच्यात हाताने दाबून बसवत. त्यामुळे आतली जाडी कमीजास्त असते, काही वेळा बोटांच्या किंवा कापडाच्या खुणा राहतात. आजच्या पातळ चिखल ओतून केलेल्या वस्तूत आतला पृष्ठभाग बाहेरच्या आकाराची तंतोतंत उलटी प्रत असतो, प्रत्येक पिसाचा खळगा आत दिसतो आणि भिंत सगळीकडे सारखी. हा फरक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून जाणवतो, फोटोत दिसत नाही.

निळ्या रंगावरून काळाचा अंदाज बांधता येतो. जुना नैसर्गिक कोबाल्ट, म्हणजे निळा रंग देणारं खनिज, अशुद्ध, म्हणून निळा किंचित राखाडी, जागोजाग गडद ठिपके. युरोपातून आलेला शुद्ध कोबाल्ट मेइजी काळात (१८६८–१९१२) पसरला. जर्मन रसायनतज्ज्ञ गॉटफ्रीड वॅगनर १८७० मध्ये आरिताला होते आणि त्यांनी तो वापरायला शिकवला. त्याचा निळा लख्ख आणि जांभळट झाकेचा. याच काळात छापाची नक्षीही पसरली. ठिपक्या-ठिपक्यांची, जोडावर तुटणारी नक्षी दिसली तर ती हाताने रंगवलेली नाही. जपानी डबीवर असा लख्ख निळा म्हणजे ती बहुधा १८७० च्या आधीची नाही, एवढं म्हणता येतं. राखाडी निळा म्हणजे आधीचीच, असं मात्र म्हणता येत नाही. राखाडी निळा आजही करता येतो.

दोष, आणि दोष नसलेले दोष

जपानी विक्रेते दोषांबद्दल तपशिलात लिहितात आणि त्यांचे काही शब्द पाठच करावेत. ‘होत्सु’ म्हणजे कडेचा बारीक टवका. ‘काके’ म्हणजे तुकडाच गेलेला. ‘न्यू’ म्हणजे केसासारखा तडा. ‘नाओशी’ म्हणजे दुरुस्ती. ‘मुकिझु’ म्हणजे निर्दोष.

केसासारखा तडा शोधायला डबी उजेडात तिरकी धरा; नखाने हलकं टिचकवलं तर अखंड पोर्सलीन टणकन वाजतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. रंग लावून लपवलेली दुरुस्ती अतिनील टॉर्चखाली बहुधा वेगळी चमकते, आणि ओठाला लावून पाहिलं तर झिलईपेक्षा ती जागा कमी गार लागते. दुकानदारासमोर हे करताना परवानगी घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तो चांगला माल बाहेर काढणार नाही. लाखेने सांधून वर सोनं लावलेली दुरुस्ती उघड असते, तिचा राग मानू नका. डबी त्यासाठी स्वस्त मिळत असेल तर नवख्याने ती आनंदाने घ्यावी.

आणि चिनी बनावटीच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या डब्यांच्या कडांवर झिलईचे बारीक कपचे उडालेले असतात. अंग आणि झिलई भट्टीतून निघताना सारखी आकसत नाहीत म्हणून असं होतं. जपानी चहावाल्यांनी त्याला ‘मुशिकुई’, म्हणजे किड्याने खाल्लेलं, असं नाव दिलं आणि त्याचं कौतुक केलं. नकला करणारेही हे कपचे मुद्दाम पाडतात. खऱ्यात ते कोपऱ्यांवर वेडेवाकडे पडतात आणि आतलं अंग मळलेलं असतं; खोट्यात ते पांढरेशुभ्र आणि फार समंजसपणे वाटलेले दिसतात.

पेटी आणि मोहर

डबी बहुधा ‘किरी’ लाकडाच्या हलक्या पेटीत येते. पेटीवर घडवणाऱ्याने स्वतः वस्तूचं नाव आणि आपली सही लिहिली असेल तर ती ‘तोमोबाको’. नंतर कुणीतरी मापाची पेटी जुळवली असेल तर ‘आवासेबाको’. पहिलीला जास्त मोल आहे, पण आत ठेवलेली डबी तीच आहे का हे तपासा: खाच मापाची आहे का, वर्षानुवर्षं डबी बसल्याची खूण आतल्या कापडावर आहे का, लिहिलेलं नाव आणि आकार जुळतात का. पेटीवर ‘चिमणी’ आणि आत ससा, असे प्रकार घडतात. चांगली पेटी वेगळी विकत मिळते, हे लक्षात असू द्या.

चहापरंपरेच्या एखाद्या घराण्यातल्या गुरूने पेटीवर लिहून सही केली असेल तर भाव कित्येक पट वाढतो. तो पैसा सहीचा असतो. पोर्सलीन जमवायला आलेल्या नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता मोहर. आरिताच्या कुंभारांनी चिनी मिंग सम्राटांच्या कारकिर्दींची नावं सर्रास लिहिली. ती फसवणूक नव्हती, तेव्हाची ती शैली होती. त्यामुळे त्या मोहरेवरून ना देश ठरतो ना काळ. केन्झान (१६६३–१७४३) हे नाव त्यांच्या नंतरच्या इतक्या कुंभारांनी टाकलंय की ते आता सहीपेक्षा नक्षीच्या तऱ्हेचं नाव झालंय. एइराकु होझेन यांना किशूच्या सरदाराने १८२७ मध्ये दोन मोहरा बहाल केल्या, त्यांतली ‘एइराकु’ पुढे घराण्याचं नावच झाली. त्यांच्या मोहरांच्या नकलाही तितक्याच प्रसिद्ध. निर्यातीच्या मालावर रोमन लिपीत ‘निप्पॉन’ लिहिलेलं असेल तर ते १८९१ ते १९२१ या काळातलं असण्याची शक्यता मोठी, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने देशाचं नाव सक्तीचं केलं आणि पुढे ‘जपान’ असा शब्द मागितला. पण धूपडब्या मुख्यतः घरच्या वापराच्या. त्यांवर असं काही नसणं म्हणजे त्या १८९१ पूर्वीच्या, हा विक्रेत्यांचा आवडता तर्क अगदी पोकळ आहे.

आणखी एक घोळ. शिक्क्याच्या लाल शाईच्या चिनी डब्या, पावडरीच्या डब्या, मिठाईच्या डब्या सगळ्या ‘धूपडबी’ म्हणून विकल्या जातात. आत लाल तेलकट डाग असेल तर ती शाईची.

कुठे आणि कसं घ्यायचं

जपानला जाणं झालं तर क्योतोत तोजी मंदिराचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो. सकाळी लवकर पोचा. पहिल्या फेरीत नुसतं पाहा. घासाघीस होते, पण आपल्या जुन्या बाजारातल्यासारखं निम्म्यावर आणायला जाऊ नका. एकदाच, हसून, थोडी सूट मागा.

घरबसल्या घ्यायचं तर जपानी लिलाव-संकेतस्थळांवर मधल्या सेवेमार्फत बोली लावता येते. शोधताना ‘कोगो’ हा शब्द रोमन लिपीपेक्षा जपानी लिपीत टाका, पर्याय कितीतरी वाढतात. बोली लावण्याआधी चार फोटो मागा: झाकण काढून दोन्ही कडा, आतली बाजू, तिरक्या उजेडातलं बूड आणि पेटीवरची अक्षरं. झाकण उघडल्याचा फोटो देणार नाही म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. बोलीच्या रकमेवर सेवेचं शुल्क, जपानमधलं टपाल, परदेशी टपाल आणि इथली जकात चढते; तीन हजार येनांची डबी घरी येईपर्यंत दुप्पट-तिप्पट सहज होते. म्हणून चार-पाच डब्या साठवून एकत्र मागवणं परवडतं. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंचा जकातीत वेगळा गट आहे. तसा दावा करायचा तर बिलावर वयाचा स्पष्ट उल्लेख हवा. हस्तिदंताच्या किंवा कासवाच्या कवचाच्या डब्या कितीही सुंदर असल्या तरी मागवू नका. त्या वन्यजीव कायद्यात अडकतात. आणि १०० वर्षांहून जुनी डबी भारतात आणल्यावर पुन्हा बाहेर न्यायची वेळ आली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो, म्हणून आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी गावी आणण्याआधी याचा विचार करावा.

घरी आल्यावर

पोर्सलीन कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ होतं. पण झिलईवरचा सोनेरी, लाल रंग आणि लाखेची दुरुस्ती असेल तर पाणी टाळा, कोरडा ब्रश पुरे. आतला धुपाचा डाग घासू नका. झाकण आणि बूड यांच्यामध्ये पातळ बिनआम्ली कागदाची चकती ठेवा, म्हणजे कडा एकमेकींवर घासत नाहीत. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत पोर्सलीनला काही होत नाही, पेटीला मात्र बुरशी येते. कोरड्या दिवशी पेट्या सावलीत उघड्या ठेवा, उन्हात नको, लाकूड फाटतं. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकू नका. तो वास कधीच जात नाही.

प्रत्येक डबीची नोंद पहिल्याच दिवशी करा: मिलिमीटरमध्ये माप, ग्रॅममध्ये वजन, झाकण वेगळं आणि बूड वेगळं, कुठून, किती रकमेला घेतली, विक्रेत्याने काय सांगितलं आणि तुम्हाला स्वतःला काय दिसलं. शेवटच्या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.